भाताचं शिवार की घरं-दुकानांची वसाहत?

बेळगावच्या दक्षिणेला, शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, शेतीपट्टा, म्हणजे नगररचनेच्या आराखड्यात ही जमीन फक्त शेतीला राखलीय ते बंधन, उठवा, मिश्र वापराला परवानगी द्या: खाली दुकानं, वर फ्लॅट, शेजारी दवाखाना. दुसरं म्हणतं, पिकत्या जमिनीला हात लावू नका.

पहिल्यांचं गणित सरळ आहे. भावाभावांत वाटण्या होऊन शेत गुंठ्यांवर आलंय, बासमतीचा खर्च निघत नाही, पोरं पुण्याला. वापर बदलला की तीच जमीन सोन्याची. पैसा एकदाच येतो, हे मात्र कुणी बोलत नाही.

दुसऱ्यांकडे भावनेपेक्षा भक्कम मुद्दा आहे: पाणी. मोठ्या पावसात बळ्ळारी नाला फुगतो आणि याच रानात पसरतो. तिथं भराव टाकला तर ते पाणी जाणार कुठं? लोकांच्या घरांत.

आणि मिश्र वापर आम्हाला नवा आहे होय? विणकरांच्या घरात पुढं माग, मागं चूल. बाजारगल्लीत खाली दुकान, वर संसार. माझं विचाराल तर आधी या जुन्या गल्ल्यांत गटार-पाण्याची सोय करा, तिथं मजले वाढवू द्या. शिवाराचं नंतर बघू.

वापरबदल होतो तो कर्नाटकच्या १९६१ च्या नगररचना कायद्यातल्या १४-अ कलमाखाली. जाहीर सूचना निघते, हरकती मागवतात. पण सूचना कन्नडमधली. आमचे काका ती कुणाकडून तरी वाचून घेईपर्यंत मुदत सरलेली असते.