साखरपुड्याच्या अंगठीचा विमा: ज्वेलरचा फुकटवाला, घराचा आणि ऑल रिस्क, तिन्ही बघून झाल्यावर

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. ज्वेलरच्या फुकट विम्याला पाचपैकी दीड, नुसत्या घराच्या विम्याला (अंगठीपुरतं बोलतेय) दोन, आणि घराच्या पॉलिसीला जोडून घेतलेल्या ऑल रिस्कला (म्हणजे अंगठी घराबाहेर असतानाही चालणारा विमा) चार. तो एक मार्क का कापला ते खाली येईलच.

अंगठी १८ कॅरेटमधली, एकच सॉलिटेअर म्हणजे एकटाच हिरा, बिल १ लाख ६५ हजारांचं, आणि ती रोज बोटात असते. हे रोज बोटात असणंच सगळ्यात महत्त्वाचं आहे कारण आपल्याकडचे बहुतेक विमे दागिना कपाटात बसलाय असं धरूनच लिहिलेले असतात. पाटल्या, तोडे, राणीहार यांना ते चालून जातं, ते वर्षातून दोन लग्नांना बाहेर येतात. अंगठी बसमधून ऑफिसला जाते, कणीक मळताना काढून ओट्यावर ठेवली जाते, वॉशबेसिनच्या कडेला विसरली जाते. बँकेच्या लॉकरचा तर विषयच नको, तिथे ठेवायची असती तर घातली कशाला असती (आणि तिथेही आग, चोरी, दरोडा झाला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच, म्हणजे भाडं २ हजार असेल तर २ लाख, आत काय होतं त्याच्याशी संबंध नाही).

आता ज्वेलरचा फुकट विमा. लक्ष्मी रोडचं दुकान, नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलीने बिलाबरोबर एक गुळगुळीत कार्ड दिलं, "मॅडम, एक वर्ष फ्री इन्शुरन्स." सासूबाई खूश. मी विचारलं काय काय कव्हर आहे, तर म्हणे "सगळंच". सगळंच म्हणजे काय ते बघायला पॉलिसीचा कागद मागितला तर दुकानात कुणाकडेच नाही, मॅनेजर म्हणाला हेड ऑफिसमधून मागवतो, मेलवर आला एकदाचा. आग, भूकंप, पूर, दंगल, घरफोडी, लुटारूंनी धाक दाखवून काढून घेतली तर, एवढं आहे. हरवली, विसरली, खडा पडला, कुणी गुपचूप उचलली, यातलं काहीच नाही. शिवाय ही ग्रुप पॉलिसी, म्हणजे पॉलिसी दुकानाच्या नावावर आणि आपण त्यातले एक लाभार्थी, क्लेम करायचा तोही दुकानामार्फत. आणि रक्कम धरताना मजुरी आणि जीएसटी वगळलेला.

यात अजून एक गंमत आहे ती बारीक बघा. आमच्याकडे सासूबाईंनी जुन्या बांगड्या मोडीत दिल्या होत्या, त्यामुळे बिलाच्या तळाशी भरायची रक्कम मोड वजा जाऊन फक्त ७० हजारांच्या आसपास दिसत होती. कार्डवर तीच रक्कम छापून आली! मी तिथेच हुज्जत घातली तेव्हा अंगठीची पूर्ण किंमत लिहून दिली. मोड देऊन घेणाऱ्यांनी हे नक्की तपासा, आणि बिल पक्कंच घ्या, घरचाच सोनार आहे म्हणून चिठ्ठीवर घेतलेल्या दागिन्याचा विमा काढायला गेलात तर पहिल्याच पायरीला अडकाल. दीड मार्क दिला तो फुकट आहे म्हणून आणि घरफोडीला निदान काहीतरी मिळेल म्हणून.

आता मला जो प्रश्न कुणीच आधी सांगितला नव्हता तो. आपल्याकडे मुलीची अंगठी मुलाकडचे आणतात. बिल सासऱ्यांच्या नावावर. साखरपुडा झाला, लग्न सहा महिन्यांनी, तोवर अंगठी माझ्या बोटात आणि मी माहेरी. मग ती कुणाच्या पॉलिसीत घालायची? सासऱ्यांच्या घराच्या पॉलिसीत त्यांचं आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबाचं सामान, मी अजून त्या घरात राहत नाही. बाबांच्या पॉलिसीत घालायची तर बिल त्यांचं नाही. दोन्हीकडून लोंबकळत. कस्टमर केअरला फोन केला तर त्या मुलाने "मॅम, रिंग किसके नाम पे है" एवढंच परत परत विचारलं. शेवटी आमच्या एजंट काकांनी मार्ग काढला, सासऱ्यांनी साध्या कागदावर लिहून दिलं की अमुक तारखेला साखरपुड्यात ही अंगठी होणाऱ्या सुनेला भेट दिली, खाली बिल नंबर, एचयूआयडी (हॉलमार्कचा दागिन्यावर कोरलेला नंबर) आणि हिऱ्याच्या सर्टिफिकेटचा नंबर, त्यांची सही. आमच्या विमा कंपनीने ते चालवून घेतलं. सगळ्यात सोपं म्हणजे खरेदीच्या वेळीच बिल मुलीच्या नावावर करा, पण नव्या सोयरिकीत पहिल्याच खरेदीला हे बोलणार कोण, हाही प्रश्न आहेच म्हणा.

घराच्या विम्याबद्दल थोडक्यात. भारत गृह रक्षा ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आली, वेगवेगळ्या कंपन्यांकडे नियम तेच, आणि घरासाठी ती खरंच चांगली आहे. भाड्याच्या घरात असाल तर नुसत्या सामानाचीही घेता येते. पण दागिने तिच्यात आपोआप येत नाहीत, ते वेगळे सांगून घालावे लागतात. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एका वस्तूला १ लाखापर्यंत असेल तर व्हॅल्युएशन सर्टिफिकेट मागत नाहीत, आमची अंगठी त्याच्या वर गेली त्यामुळे व्हॅल्युअरकडे जावं लागलं. आणि बऱ्याच लोकांना जे माहीत नसतं ते हे, की मूळ पॉलिसीत चोरी आहे ती फक्त आग, पूर, भूकंप असं काही झालं आणि त्यामुळे सात दिवसांत चोरी झाली तरच. नेहमीची घरफोडी वेगळी जोडून घ्यायची. ती जोडली तरी साधारणपणे कडीकोयंडा तोडल्याची खूण लागते, प्लंबर येऊन गेला आणि ओट्यावरची अंगठी दिसेना याला घरफोडी म्हणत नाहीत.

नवऱ्याची अंगठी आम्ही यातच घातली. ती साधी २२ कॅरेटची, त्याला बोटात टोचते म्हणून कपाटातच असते.

माझ्यासाठी मग ऑल रिस्क. आमच्या कंपनीत नुसत्या अंगठीचा विमा देत नव्हते, घराच्या पॉलिसीबरोबरच घ्यावा लागला. मला आलेलं कोटेशन अंगठीच्या किमतीच्या शेकडा एकाच्या आसपास, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाला दोन हजारांच्या आत. घराबाहेर, प्रवासात, बोटातून, पर्समधून, सगळीकडे चालतं, पण भारतातच. जगभर हवं असेल तर तसं लिहून घ्यायचं आणि थोडे जास्त पैसे. हनिमूनला बाली-थायलंड ठरवलेल्यांनी तिकिटांच्या आधी हे बघा.

आणि आता तो कापलेला मार्क. काकांशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"काका, हरवली तर मिळतील ना पैसे?"

"कशी हरवली?"

"अहो, कशी ते माहीत असतं तर हरवली कशाला असती?"

"हां, तिथेच तर पेच आहे सगळा."

पेच असा की मालवणला समुद्रात उतरलात, लाटेत हात आपटला आणि डोळ्यांदेखत अंगठी निसटली तर तो अपघात, ते सांगता येतं. पण संध्याकाळी घरी येऊन बघता तर बोट रिकामं, कुठे पडली पत्ता नाही, याला कारण न सांगता येणारं नुकसान म्हणून कित्येक पॉलिसीत वगळलेलं असतं. आणि अंगठ्या तर बहुतेक अशाच हरवतात ना! ब्रोशरवर हे नसतं, आतल्या अपवादांच्या पानावर असतं. मी ब्रँचला मेल करून हाच प्रश्न विचारला आणि लेखी उत्तर घेतलं, आमच्या कंपनीने ते कव्हर होतं म्हणून कळवलं, दुसऱ्या एका कंपनीने सरळ नाही म्हटलं. ते दोन हजार द्यायचे की नाही हे ठरवायला मला तो एक मेल सगळ्या कोटेशनपेक्षा जास्त उपयोगी पडला. फोनवर विचारू नका, फोनवर सगळं "हो मॅडम" असतं.

बाकी अपवाद म्हणजे बंद गाडीत सोडून गेलात आणि गेली तर नाही, सोनाराकडे दुरुस्तीला दिली असताना बिघडली तर नाही, घरच्याच कुणी घेतली तर नाही, घर महिन्यापेक्षा जास्त बंद होतं तर आधी कळवलेलं असायला हवं, आणि झिजेमुळे झालेलं काही नाही. हे झीज प्रकरण हिऱ्याला नडतं. खडा धरणारे ते चार पंजे असतात, ते ओढणीत, स्वेटरमध्ये अडकून अडकून सैल होतात आणि एक दिवस खडा पडतो. माझ्या मावसबहिणीचा असाच पडला, विमा कंपनीच्या सर्व्हेअरने भिंग लावून पंजे बघितले, झीज असं लिहिलं, विषय संपला. दुकानं पंजे तपासून घट्ट करून देतात, बऱ्याचदा फुकट, ते करून घ्या आणि तारखेची नोंद घ्या म्हणजे हातात काहीतरी राहतं.

किंमत किती लावायची यात हल्ली दोन्ही बाजूंनी घोळ आहे. २०२३ मध्ये सोनं तोळ्याला ६० हजारांच्या आसपास होतं, २०२५ मध्ये ते लाखाच्या पुढे गेलं. हिऱ्याचं मात्र उलटं, त्याचे भाव उतरलेत आणि लॅबमधल्या हिऱ्यांचे तर फारच. त्यामुळे जुनं बिल बघून आकडा लावू नका. कमी लावलात तर काय होतं बघा, अंगठी आज २ लाखांची, विमा दीड लाखाचा, आणि खड्याचं ४० हजारांचं नुकसान झालं तर हातात ३० हजारच येणार, कारण विमा पाऊणच होता. त्यातून पुन्हा ठराविक रक्कम आपल्या खिशातली जाते. जास्त लावूनही फायदा नाही, देताना ते बाजारभावच बघतात, आपण हप्ता मात्र जास्तीचा भरत बसतो. रिन्युअलच्या वेळी दरवर्षी नवा आकडा.

क्लेमचं एक उदाहरण ओळखीतलंच आहे. मामेभावाच्या बायकोच्या पर्समधून रेल्वे स्टेशनबाहेर अंगठी गेली. चौकीत आधी "गहाळ" म्हणून दाखला देत होते, ते लवकर होतं, लिहायला सोपं. तो दाखला घेऊन आली असती तर कंपनी म्हणाली असती चोरी कुठाय यात. ती अडून बसली आणि चोरीचा एफआयआर करून घेतला, त्यात एचयूआयडीचे सहा अक्षरं-आकडे आणि सर्टिफिकेटचा नंबर घातला. मग तपास, आणि तपास लागला नाही की पोलीस 'अ समरी' अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही, तो कागद कंपनीला हवा असतो आणि त्याला महिने लागतात. तोवर फाईल नुसती पडून. तिला पैसे मिळाले, पण तोपर्यंत सोनं अजून वर गेलेलं. कंपनीने नाकारलं आणि तक्रार करूनही ऐकलं नाही तर विमा लोकपाल आहेत, मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे ऑफिस आहे, फी नाही, कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं.

अमेरिकेत असणाऱ्यांसाठी, माझी नणंद न्यू जर्सीला आहे, तिच्याकडेही घराच्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला १५०० डॉलरचीच मर्यादा होती, तिने अंगठी नावानिशी वेगळी लिहून घेतली आणि तिच्या त्या कव्हरमध्ये गूढ रीतीने गायब होणंसुद्धा बसतं. हेवा वाटला.

ज्यांची अंगठी तीस-चाळीस हजारांची आहे त्यांनी ऑल रिस्कच्या भानगडीत पडू नये असं माझं मत, व्हॅल्युअर, मेलामेली, खिशातून जाणारी रक्कम धरता त्रास जास्त आहे. ज्यांनी घेतलाय त्यांनी लग्नानंतर पत्ता बदलला की लगेच पॉलिसीवर चढवून घ्या. आणि मी नाव बदललेलं नाही त्यामुळे मला सोपं गेलं, पण आधारवर सासरचं नाव आणि बिलावर माहेरचं असं असेल तर मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी आत्ताच फाईलला लावून टाका, क्लेमच्या वेळी शोधत बसू नका.