झॅबिक्स की प्रोमीथियस, वाझुह की स्प्लंक : नागपुरातील मध्यम कंपनीने देखरेखीसाठी काय निवडावे?

बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतील कारखाना असो की मिहानमधील सॉफ्टवेअर कंपनी, सर्व्हर आणि नेटवर्कमधील घटनांवर देखरेख ठेवणारी प्रणाली घ्यायची ठरली की पहिल्याच बैठकीत चार नावे एका तक्त्यात मांडली जातात आणि प्रत्येकापुढे सोयींच्या खुणा केल्या जातात. मला ही पद्धत पटत नाही, कारण त्या तक्त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. यंत्रणा नीट चालू आहे का, हा एक प्रश्न. यंत्रणेत कोणी, केव्हा, काय केले, हा दुसरा. झॅबिक्स आणि प्रोमीथियस पहिल्याचे उत्तर देतात, तर वाझुह आणि स्प्लंक यांचा उपयोग कंपन्या प्रामुख्याने दुसऱ्यासाठी करतात. म्हणून तुलना प्रत्येक जोडीच्या आतच करायला हवी.

झॅबिक्स २००१ पासून मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध आहे; प्रोमीथियसची सुरुवात २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत झाली. दोन्हींना परवाना शुल्क नाही, खर्च होतो तो ती सांभाळणाऱ्या माणसाच्या वेळेचा. स्विच, यूपीएस, विंडोज सर्व्हर अशी वर्षानुवर्षे एकाच जागी असणारी उपकरणे झॅबिक्स सहज हाताळते आणि विंडोजच्या इव्हेंट लॉगमधील (घडामोडींच्या नोंदवहीतील) ओळीही वाचते. प्रोमीथियस फक्त आकडे साठवते, लॉग नाही. मात्र अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर सेवा आपोआप चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीवर मिनिटामिनिटाला तयार होणाऱ्या आणि नाहीशा होणाऱ्या सेवा ते आपणहून शोधून काढते आणि त्या कामात झॅबिक्स त्याच्या बरोबरीला येत नाही.

खरा कस लागतो तो एका बिघाडातून अनेक सूचना निघतात तेव्हा. एका पावसाळी रात्री रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली आणि आमचे शहरातील कार्यालय आणि प्लांट यांच्यातील लिंक गेली. १० मिनिटांत माझ्या फोनवर ६३ संदेश आले, कारण त्या लिंकपलीकडचा प्रत्येक सर्व्हर, कॅमेरा आणि प्रिंटर ‘बंद’ म्हणून नोंदवला जात होता. त्यांतले दोनच संदेश कामाचे होते : एक लिंक तुटल्याचा आणि दुसरा कार्यालयातील यूपीएस बॅटरीवर गेल्याचा. दुसरा मी सकाळी वाचला, आणि तोवर बॅटरी संपून फाइल सर्व्हर बंद पडला होता. प्रणालीचा यात दोष नव्हता; कोणते उपकरण कोणावर अवलंबून आहे, हे आम्ही तिला सांगितलेलेच नव्हते.

झॅबिक्समध्ये हे अवलंबित्व प्रत्येक ट्रिगरला (सूचना कधी द्यायची ते ठरवणाऱ्या अटीला) पडद्यावरून जोडता येते आणि मग लिंकचा एकच संदेश येतो. प्रोमीथियसच्या सूचना पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजर या भागात हेच काम लेबलांच्या (सूचनेला जोडलेल्या खुणांच्या) आधारे, सूचनांचे गट करून आणि दुय्यम सूचना दाबून होते, परंतु त्याचे नियम मजकुराच्या फायलींत लिहावे लागतात. प्रोग्रामरला ती पद्धत आवडते; हार्डवेअर विभागातील सहकाऱ्याला ती जड जाते, आणि रात्रपाळीला बहुधा तोच असतो.

नागपूरच्या उन्हाळ्याचाही विचार करायला हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, एसी थकतो आणि सर्व्हर रूमचे तापमान मर्यादेच्या आसपास वर-खाली होत राहते. ३० अंशांवर गेल्यास समस्या मानावी आणि २७ अंशांखाली आल्यावरच ती सुटली असे समजावे, असा दुहेरी नियम झॅबिक्समध्ये सरळ लिहिता येतो. प्रोमीथियसमध्ये ‘सलग ५ मिनिटे अट टिकली तरच सूचना द्या’ असे सांगणे सोपे आहे, पण दोन वेगळ्या मर्यादा ठेवायच्या तर नियम किचकट होतो. आणखी एक बाब : प्लांटमध्ये झॅबिक्स प्रॉक्सी (तिथली माहिती गोळा करून मुख्य सर्व्हरला पाठवणारा मध्यस्थ) ठेवल्यास लिंक तुटलेली असतानाही तो माहिती साठवून नंतर पाठवतो, मात्र मूळ सेटिंगमध्ये ही साठवण फक्त १ तासाची असते. आपल्याकडील फायबर जोडायला लागणारा वेळ पाहता ती पहिल्याच दिवशी वाढवून घ्यावी.

दुसऱ्या जोडीत कायद्याचा संबंध येतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. विंडोजमधील ४६२५ ही फसलेल्या लॉगिनची किंवा ११०२ ही सुरक्षा लॉग पुसल्याची नोंद त्या ६ तासांत हाताशी असणे, हाच अशा प्रणालीचा उपयोग.

स्प्लंकची शोधभाषा फार समर्थ आहे, हे मान्य करावेच लागते. परंतु त्याची किंमत बहुधा रोज भरल्या जाणाऱ्या माहितीच्या प्रमाणावर ठरत असल्यामुळे, फायरवॉलची प्रत्येक ओळ आत सोडली की बिल फुगते आणि मग पैसे वाचवण्यासाठी लॉगच वगळले जातात. वाझुह विनामूल्य आहे, त्याचा भार डिस्कवर पडतो. त्यातही एक खाच आहे : मूळ सेटिंगमध्ये वाझुह फक्त नियमात बसलेल्या नोंदी ठेवते, बाकीच्या टाकून देते. १८० दिवसांचे पूर्ण लॉग हवे असतील तर सर्व नोंदी साठवण्याचा पर्याय स्वतः सुरू करावा लागतो.

माझा कौल असा : कारखाना किंवा एकाच इमारतीतील कार्यालय असेल, तर झॅबिक्स आणि त्याच्या जोडीला वाझुह. कुबरनेटीसवर चालणारी सेवा विकत असाल, तर पहिल्या जागी प्रोमीथियस. स्प्लंक तेव्हाच घ्यावे, जेव्हा ग्राहकाच्या करारात त्याची अट असेल आणि लॉग वाचायला पूर्णवेळ माणूस नेमलेला असेल.

निवड पक्की करण्यापूर्वी महिनाभराच्या चाचणीत एखाद्या रविवारी, कोणालाही न सांगता नव्हे तर सर्वांना कळवून, मुख्य स्विचची केबल काढा आणि रात्रपाळीच्या माणसाच्या फोनवर किती संदेश आले ते मोजा.