जुनी इलेक्ट्रिक कार: एमएच पासिंगची घ्यावी की सीमेपलीकडची?

गडहिंग्लज, चंदगड, सावंतवाडी या पट्ट्यातल्या माणसाला पुण्यापेक्षा बेळगाव आणि पणजी जवळ. कोल्हापूरहून बेळगाव ११० किलोमीटर, पुणे त्याच्या दुप्पट. त्यामुळे जुनी इलेक्ट्रिक गाडी शोधायला लागलं की पाच-सहा चांगल्या गाड्यांपैकी दोन-तीन हमखास केए किंवा जीए पासिंगच्या निघतात. मग पर्याय तीन उरतात: आपल्याच राज्यातल्या सर्टिफाइड दालनातली गाडी, सीमेपलीकडच्या सर्टिफाइड दालनातली गाडी, किंवा सीमेपलीकडच्या मालकाकडून थेट व्यवहार.

आमचं मत आधीच सांगतो. सारख्याच वर्षाची, सारख्याच बॅटरीची गाडी असेल आणि किमतीतला फरक पन्नास हजारांच्या आत असेल, तर एमएच पासिंगचीच घ्या. फरक लाखाच्या आसपास असेल, तर सीमा ओलांडणं परवडतं, पण दालनातून. मालकाकडून थेट घेण्याचा पर्याय फक्त रोखीने घेणाऱ्याला आणि आरटीओच्या दोन-चार फेऱ्या मारायची तयारी असलेल्याला. एक मात्र पक्कं: सीमेमुळे कागद बदलतात, बॅटरी बदलत नाही. म्हणून आधी बॅटरी, मग पासिंग.

'सर्टिफाइड' म्हणजे नेमकं काय तपासलं?

दोन्ही बाजूंच्या दालनांत दीडशे-दोनशे मुद्द्यांची तपासणी झाल्याचं पत्रक मिळतं. ते पत्रक नीट वाचा. बहुतेक मुद्दे पत्रा, काचा, टायर, सस्पेन्शन, ब्रेक, एसी यांचे असतात. पेट्रोल गाडीत एवढ्यावर भागतं. इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महागडा भाग खाली झाकलेला असतो आणि त्याच्यासमोर पत्रकात बऱ्याचदा नुसतं 'बॅटरी ओके' लिहिलेलं असतं. त्या दोन शब्दांना किंमत नाही. हवा असतो तो बॅटरीच्या आरोग्याचा टक्का, म्हणजे एसओएच (नवी असताना होती त्याच्या किती टक्के क्षमता उरली तो आकडा). तो कंपनीच्या वर्कशॉपमध्ये निदान यंत्र जोडून काढलेला हवा, त्यावर चासी नंबर, किलोमीटर आणि तारीख हवी. दालन कंपनीचं असेल तर हे यंत्र त्यांच्याच सर्व्हिस विभागात असतं, त्यामुळे 'मिळणार नाही' हे उत्तर मान्य करू नका. अनेक कंपन्यांच्या गाड्या विकणाऱ्या दालनाकडे ते नसू शकतं. तेव्हा गाडी त्या कंपनीच्या वर्कशॉपला नेऊन आपल्या खर्चाने तपासून घ्यायची अट विसार देण्याआधीच घाला.

कागदाशिवायही अंदाज घेता येतो. समजा, गाडी २०२०-२२ ची नेक्सॉन ईव्ही आहे, बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची. ती ३० टक्क्यांवर आणा आणि डीसी चार्जरवर, म्हणजे सार्वजनिक जलद चार्जरवर, ८० पर्यंत भरा. एक किलोवॉट-तास म्हणजे एक युनिट, त्यामुळे ५० टक्क्यांचे साधारण १५ युनिट होतात. थोडं नुकसान धरलं तर चार्जरने १५ ते १६ दाखवायला हवेत. तेराच दाखवले, तर पूर्ण क्षमता २६ च्या आसपास उरली, म्हणजे चौदा टक्के तरी गेले. ही चाचणी करण्याआधी गाडी एकदा शंभर टक्के भरलेली असावी. नेक्सॉनमधली एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) रसायनाची बॅटरी बरेच दिवस पूर्ण भरली नाही, तर डॅशबोर्डवरचा टक्का भरकटतो आणि चाचणी फसते. दालनात महिनाभर उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास होतं. त्यात गाडीचाही दोष नसतो आणि विकणाऱ्याचाही.

बेळगावची गाडी पाहायला गेलात, तर महामार्गच तुमची प्रयोगशाळा. एसी चालू ठेवून, ८० च्या वेगाने ही नेक्सॉन युनिटला सात किलोमीटरच्या आसपास देते. त्या हिशेबाने निपाणीचा तवंदी घाट धरूनही कोल्हापूरपर्यंत साधारण ५२ टक्के बॅटरी जायला हवी. साठपर्यंत गेली तरी समजण्यासारखं आहे. सत्तर गेली, तर एसओएचचा कागद पुन्हा मागा. एवढी लांब चाचणी दालन देत नसेल, तर निपाणीपर्यंत जाऊन परत या.

वॉरंटी: पहिल्या मालकाची आणि तुमची

इथे सीमेचा काहीच संबंध नाही, तरी सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. नेक्सॉन ईव्हीच्या सुरुवातीच्या गाड्यांना बॅटरी आणि मोटरवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी येईल तोपर्यंत वॉरंटी. ती पहिल्या विक्रीपासून मोजली जाते, तुम्ही घेतल्यापासून नाही. जून २०२१ ला पासिंग झालेली गाडी जून २०२९ ला वॉरंटीबाहेर जाते. ६२,००० किलोमीटर झाले असतील तर ९८,००० उरतात; महिन्याला दीड हजार चालवणाऱ्याला ते पाच वर्षांहून जास्त पुरतील, म्हणून त्याच्यासाठी आधी संपतो तो काळ.

नव्या गाड्यांवरचा 'लाइफटाइम' हा शब्द तर पहिल्या मालकापुरता असतो. एमजी विंडसर दुसऱ्या मालकाकडे गेली की ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर उरतात. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांना दुसऱ्या मालकासाठी १० वर्षं किंवा २,००,००० किलोमीटर. त्यामुळे 'लाइफटाइम वॉरंटीची गाडी आहे' म्हणून जास्त पैसे मागितले, तर ते देऊ नका.

विंडसर भाड्याच्या बॅटरीवरही विकली गेली. अशी गाडी स्वस्त दिसते, कारण किमतीत बॅटरी धरलेलीच नसते. बॅटरीवर कोणत्या वित्तसंस्थेचा बोजा आहे, तो कोण फेडणार आणि 'बोजा उरला नाही' असं पत्र कधी मिळणार, हे आधी लेखी घ्या.

वॉरंटी नाकारली जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बॅटरीच्या तळाला बसलेला मार. गाडी लिफ्टवर चढवा, खालच्या आवरणावर खोल ओरखडे, दबलेली जागा, वाकलेले बोल्ट शोधा. गोव्याच्या गाडीत आणखी एक बघायचं: खाऱ्या हवेने सबफ्रेमचे सांधे आणि ब्रेकच्या चकत्या गंजलेल्या असतात. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी ओळखायला पुढच्या सीटखालची वायर आणि कनेक्टर उघडून पाहा. तिथला गाळ सहसा कोणी धूत नाही. विमा कंपनीकडून आधीच्या दाव्यांची माहितीही मालकाच्या सहीने मागवता येते.

आता सीमा

राज्यातल्या राज्यात गाडी घेतली की काम थोडकं: मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. विकणाऱ्याने १४ दिवसांत, घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं. नंबर तोच राहतो. दालनाचा माणूस सगळं करून देतो आणि साधारणतः तुम्हाला एकदाच सही करावी लागते.

केए-२२ ची गाडी एमएच-०९ व्हायची असेल, तर आधी बेळगावच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी. गाडीवर कोणत्याही राज्यात चोरीचा किंवा गुन्ह्याचा शेरा नाही, ई-चलन थकलेलं नाही, हे त्यात पाहिलं जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे ३० दिवसांत एनओसी द्यायची किंवा नाकारल्याचं कारण कळवायचं, नाहीतर ती दिली असं धरलं जातं. प्रत्यक्षात मात्र छापील एनओसी हातात असल्याशिवाय कोल्हापुरात कोणी दाद देत नाही. मग इथे फॉर्म २७ वर नवा नंबर, त्यासोबत नाव चढवणं, गाडी प्रत्यक्ष दाखवणं, चासीची पेन्सिल छाप, नवी एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही, पण ही सवलत मालकी बदलण्यातल्या दिरंगाईला लागू नाही.

एका बाबतीत इलेक्ट्रिक गाडीला सीमा सोपी जाते. पेट्रोल गाडी कर्नाटकातून आणली, तर इथे नव्याने रोड टॅक्स भरायचा आणि तिकडचा परतावा मागत फिरायचं, हेच सगळ्यात मोठं झंझट. इलेक्ट्रिक गाड्यांना महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मोटार वाहन करातून सूट आहे. शिवाय ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने बॅटरीवरच्या गाड्यांना आरसी आणि नवा नोंदणी क्रमांक यांचं शुल्क माफ केलं. तरी विसार देण्याआधी आरसीची प्रत घेऊन आपल्या आरटीओत जा आणि कराची आकारणी दाखवून घ्या. आरसीवर इंधन 'इलेक्ट्रिक' असंच नोंदलेलं हवं, कारण करमाफी आणि पुढे समृद्धी, पुणे-मुंबई द्रुतगती किंवा अटल सेतूवरची टोलमाफी हे सगळं त्या नोंदीवरच चालतं.

दिल्लीहून गाडी आणण्याचा मोह वेगळा. तिथल्या जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्या स्वस्त मिळतात, कारण १० वर्षांपुढचं डिझेल आणि १५ वर्षांपुढचं पेट्रोल तिथे चालवायला बंदी आली. इलेक्ट्रिक गाडीला हा नियमच नाही. म्हणून 'दिल्लीची आहे म्हणून स्वस्त' असं कोणी सांगितलं, तर खरं कारण दुसरं काहीतरी असणार. बहुतेक वेळा टॅक्सीचा वापर. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची. आरसीवर 'मोटर कॅब' असेल तर खासगीत बदलण्याची परवानगी आधी, व्यवहार नंतर. अशा गाड्या रोज डीसी चार्जरवर भरलेल्या असतात, किलोमीटरही जास्त आणि वॉरंटीच्या अटीही वेगळ्या.

दुबईत राहणारे आपले लोक तिथली इलेक्ट्रिक गाडी परत येताना आणता येईल का, हे विचारतात. तिथलं स्टिअरिंग डावीकडे, आणि भारतात जुनी गाडी आयात करायची तर ते उजवीकडे लागतं. शिवाय ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. तो विचार सोडा.

पैशाचा हिशेब

दालनातून घेतली की जीएसटी लागतो. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या निर्णयानंतर जुन्या इलेक्ट्रिक गाडीवरही तो १८ टक्के आहे, पण फक्त दालनाच्या नफ्यावर. साडेसात लाखांना घेतलेली गाडी साडेआठला विकली, तर एक लाखावर १८ हजार. पूर्ण किमतीवर १८ टक्के लावलेलं दिसलं, तर तिथेच थांबवा. मालकाकडून थेट घेतली तर जीएसटी नाही, आणि त्याचमुळे ती स्वस्त दिसते.

विम्यात फरक गाडीच्या मोटरच्या ताकदीने पडतो, पासिंगने नाही. इलेक्ट्रिक कारचा तृतीय पक्ष हप्ता २०२२ च्या दराने ३० किलोवॉटपर्यंत १,७८०, ६५ पर्यंत २,९०४ आणि त्यापुढे ६,७१२ रुपये. टियागो ईव्ही मधल्या गटात, नेक्सॉन वरच्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्या माणसाचा असतो. नाव बदलल्यावर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या.

कर्ज काढणार असाल, तर सीमेपलीकडचा पर्याय जवळजवळ बाद धरा. जुन्या गाडीवर नवा बोजा चढवायला आरसी आधी महाराष्ट्रात यावी लागते, आणि ती यायला पैसे आधी द्यावे लागतात. या कोंडीतून वाट काढणारी दालनं असतात, पण व्याजाचा दर वाढतो आणि किमतीतला फरक तिथेच संपतो.

रोखीत व्यवहार असेल, तर पैसे तीन हप्त्यांत द्या. विसार दहा हजारांच्या वर नको, आणि पावतीवर 'एसओएच अमुक टक्क्यांहून कमी निघाल्यास परत' असं लिहून घ्या. मोठी रक्कम एनओसी आणि बोजा उतरल्याचा कागद हातात आल्यावर. शेवटचे पन्नास हजार नाव चढल्याची नोंद सरकारच्या 'वाहन' या संकेतस्थळावर दिसल्यावर. दालनाला हे नको असेल, तर आरटीओकडून मिळालेलं अधिकृत विक्रेत्याचं प्रमाणपत्र आणि या गाडीचा फॉर्म २९ सी, म्हणजे मालकाने गाडी दालनाच्या ताब्यात दिल्याची आरटीओला दिलेली सूचना, मागा. एप्रिल २०२३ पासून हा फॉर्म भरला की दालनावरच गाडीची मालकाइतकी जबाबदारी येते, त्यामुळे मधल्या काळातलं चलन किंवा अपघात जुन्या मालकाच्या आणि तुमच्या गळ्यात येत नाही.

गाडी ताब्यात घेताना १५ अँपिअरची चार्जिंग केबल, दुसरी चावी आणि घरचा चार्जर मोजून घ्या. हरवलेल्या केबलचे पैसे किमतीतून वजा व्हायला हवेत. १२ व्होल्टची छोटी बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर लगेच बदला. ती बसली, की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. आणि जुन्या मालकाने कंपनीच्या ॲपमधून गाडी काढून टाकली आहे, हे त्याच्याच मोबाइलवर बघून मगच निघा. नाहीतर गाडी तुमच्या दारात असेल आणि तिचं लोकेशन बेळगावात दिसत राहील.