जुनं अंगण-परस नवं करायचंय, एका दमात की हळूहळू?

चतुर्थीला मुंबईहून आमच्या गोव्यातल्या घरी आलेल्या चुलत बहिणीनं परसात एक फेरी मारली आणि जाहीर केलं की हे रान साफ करून सगळं नीट करून घ्यायचं, तेव्हापासून घरात दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते कॉन्ट्रॅक्टरला देऊन मोकळे व्हा, दुसरी म्हणते दरवर्षी थोडं थोडं करू. मी दोन्ही करून बसलोय, पुढचं अंगण एका दमात आणि मागचं परस हळूहळू, म्हणून लिहितो. घर चाळीस-पन्नास वर्षांचं आणि झाडंही त्याच वयाची असतील तर कामाला येईल, नवीन प्लॉटवाल्यांचं गणित वेगळं.

एका दमातलं काम बघायला फार छान वाटतं. जेसीबी एकदाच येतो, धूळ एकदाच खाता, पाइप, वायर, पेव्हर सगळं एका प्लॅनमध्ये बसतं आणि दोन महिन्यांत फोटो काढण्यासारखं होतं. घोळ असा की आपल्याकडे मातीचं काम पाऊस गेल्यावर ते मे महिन्यापर्यंतच होतं, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर बघायला येतो जानेवारीत, कोरड्या जमिनीवर. आणि इथे साधारण 3000 मिमी पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरातच. ते पाणी कुठून येतं, कुठे साचतं हे त्याला जानेवारीत कसं दिसणार?

आमच्या अंगणात त्यानं लेव्हल करायला मानकुराद आंब्याच्या भोवती दीड फूट माती भरली, वरून गोल कट्टा बांधला, दिसायला एकदम फर्स्ट क्लास. आंब्याची अन्नपाणी घेणारी बरीचशी मुळं वरच्या फूट-दोन फुटातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात, त्यांना हवा लागते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, त्यालाही नसावं. वरून जेसीबीनं जमीन दाबून टाकलेली. तिसऱ्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळायला लागल्या. आता कट्टा फोडून माती काढलीय, झाड तगून आहे पण पूर्वीसारखं धरत नाही. खोडाचा बुंधा जमिनीपाशी रुंद होत गेलेला दिसला पाहिजे, खांब पुरल्यासारखा सरळ दिसला तर समजा माती जास्त झाली.

मागे परसात उलट केलं. पहिलं वर्षभर काहीच केलं नाही, आळस म्हणा हवं तर. पण त्यात कळलं की जुलैत शेजारच्या चढावरचं सगळं पाणी बांयच्या, म्हणजे विहिरीच्या, बाजूनं येतं, एप्रिलमध्ये दुपारनंतर सावली फक्त फणसाखाली असते, आणि ज्याला आम्ही रान म्हणत होतो त्यात भिरंड (कोकम) आहे, कडीपत्ता आहे, चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधायच्या निम्म्या वस्तू आहेत. हळद, तेरें (रानअळू), सुरण हे तर उन्हाळ्यात दिसतच नाहीत, कंद जमिनीत झोपलेले असतात. मार्चमध्ये खरवडून साफ केलं असतं तर पातोळ्या वाफवायला हळदीची पानं बाजारातून आणावी लागली असती 😄

हळूहळूचे तोटे पण सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. वाट बांधली, मग पाइप आठवला, म्हणून तीच वाट परत फोडली. छोट्या कामाला माणसं मिळत नाहीत, उद्या येतो म्हणून गेलेला गवंडी शिगम्यानंतर, म्हणजे होळी उलटल्यावर, उगवतो. हिशोब केला तर एकूण खर्च मागच्या परसातच जास्त झाला. शिवाय रोज बघणारं कोणी घरात पाहिजे. घर वर्षभर बंद असेल तर हा नाद नको, एकदाच करून घ्या, फक्त झाडांना हात लावू देऊ नका.

झाड तोडायचंच असेल तर आपल्या जागेत आहे म्हणून चालत नाही, गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते. 2016 साली माडाला त्या कायद्यातून वगळलं होतं तेव्हा केवढा गदारोळ झाला, नंतर परत आत घेतला. आणि हिशोब करा, कलमी आंबा लावला तर चार-पाच वर्षांत फळ दिसेल, पण आजच्या झाडाएवढी सावली यायला वीसेक वर्षं. खाली गाडी ठेवता म्हणून माड नको असेल तर आधी नारळ पाडणाऱ्या पाडेलीला वेळेवर बोलवा किंवा गाडी हलवा, ते स्वस्त पडतं.

जमिनीवर काय घालायचं यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडण झालं, खरं तर त्यात एवढं काही नाही. लॉन पावसात हिरवंगार, फेब्रुवारी ते मे रोज पाणी मागतं आणि आंब्याखाली टिकत नाही. पेव्हर सिमेंटवर बसवले तर पाणी थेट घराच्या जोत्याकडे, रेतीवर बसवले तर बरंचसं मुरतं. चिरे (जांभा दगड) मला आवडतात पण सावलीत शेवाळ धरतात, आजी-आजोबा असतील तर चालायची वाट खरखरीत ठेवा.

आज परत करायचं असतं तर एक पूर्ण पाऊस बघितला असता, मग जमिनीखालचं सगळं, म्हणजे गटार, पाइप, वायर, आणि वाटा एकाच उन्हाळ्यात उरकल्या असत्या, मुळांच्या घेरात जेसीबी न घालता. झाडंझुडपं मात्र पुढची दोन-तीन वर्षं जूनच्या पहिल्या पावसाबरोबर थोडी थोडी. बहिणीला हे पटलेलं नाही, तिला डिसेंबरात लग्नाआधी सगळं तयार हवंय. मी म्हटलं, पुढच्या जुलैत दोन दिवस ये आणि छत्री घेऊन बांयपाशी उभी राहा, मग बोलू.