पणजीतलं ॲनिमे वर्कशॉप: कानाला मेजवानी, तोंडाला कुलूप

ॲनिमेचं, म्हणजे जपानी ॲनिमेशनचं, संगीत आणि फॅन कल्चर असा वीकेंडचा कोर्स पणजीत केला, फी पंधराशे. नाव मुद्दाम टाकत नाही, शिकवणारे सर चांगले आहेत, राग आयोजकांवर आहे.

शनिवार पैसा वसूल. सरांनी थिअरी झाडत न बसता थेट १९८८ चा 'अकिरा' हा ॲनिमे पिक्चर लावला, तोही आवाज बंद करून. बाइकी पळतायत, दिवे चमकतायत, बघायला भारी पण अंगावर काही येत नाही. मग तोच तुकडा आवाजासकट लावला आणि गेइनो यामाशिरोगुमी या जपानी ग्रुपचे ते बांबूचे ठोके सुरू झाले तशी मागे मोबाइल बघत बसलेली पोरंपण सरळ झाली. ते बालीचं जेगोग, जाड जाड बांबूंचं वाद्य. माझ्या शेजारी डिचोलीचा एक मुलगा होता, चवथीला आरतीत घुमट वाजवणारा, त्याने लगेच बाकावर ताल धरला आणि सर थांबून म्हणाले, वाजव वाजव. पूर्ण कोर्समधला बेस्ट क्षण हाच.

नंतर १९९५ चा 'घोस्ट इन द शेल'. पडद्यावर यंत्राचं शरीर तयार होतंय आणि संगीतकार केंजी कावाईंनी मागे लावलंय लग्नाचं गाणं, शब्द जुन्या जपानी भाषेतले, गाणाऱ्या बायका जपानी लोकगीतवाल्या आणि सुरांची ठेवण बल्गेरियन कोरसची. मी हा पिक्चर आधी बघितलेला, पण ते लग्नाचं गाणं आहे हे तिथेच कळलं राव. टीव्ही ॲनिमेत आवाजावर एवढा भार का, तेपण नीट समजावलं: १९६३ मध्ये ओसामू तेझुकांचा 'ॲस्ट्रो बॉय' टीव्हीवर दर आठवड्याला काढायचा तर चित्रं कमीत कमी, बऱ्याचदा नुसतं तोंड हलतंय, बाकी सगळं स्थिर, मग जीव ओतायचा तो आवाजानेच. संगीतकार योको कान्नोंच्या 'काउबॉय बीबॉप' या सिरीजला मात्र पाच मिनिटांत गुंडाळलं, हे काय पटलं नाही.

रविवारी फॅन कल्चर. विषय तसा तगडा, हेन्री जेन्किन्सचं फॅन लोकांवरचं १९९२ चं पुस्तक, १९७५ ला टोकियोत सुरू झालेलं कॉमिकेट हा कॉमिक्सचा मेळा, जिथे फॅन स्वतः छापलेली पुस्तकं स्वतःच विकतात, आणि २००७ ची हात्सुने मिकू ही कॉम्प्युटरवरची गायिका, कंपनीने आवाज दिला न् गाणी रचली लोकांनी. पण शिकवायची पद्धत काय, तर पाहुण्या वक्त्या स्लाइड वाचतायत आणि आयोजक सांगतोय प्रश्न शेवटी विचारा. तो शेवट काही आलाच नाही, साडेपाचला हॉल रिकामा करायचा होता. म्हणे फॅन कल्चर पार्टिसिपेटरी, म्हणजे सगळ्यांनी भाग घ्यायचा! अहो, समोर फोंड्याची एक मुलगी बसलेली जी स्वतः एएमव्ही, म्हणजे ॲनिमेचे तुकडे गाण्यावर जोडून व्हिडिओ, कापते, एक जण म्हापशाच्या बाजारातून कापड आणून कॉस्प्ले, म्हणजे ॲनिमेतल्या पात्रांचे वेश, शिवतो, त्यांना दहा मिनिटं माइक दिला असता तर काय बिघडलं असतं? आपल्याकडे जत्रेला गावातलेच लोक वर्गणी काढून नाटक उभं करतात, पोरांना हा विषय पुस्तकातून गिळायची गरज नाही. आणि २०१९ ला 'वेदरिंग विथ यू' हा ॲनिमे पिक्चर भारतात थेटरात लागला त्यामागे इथल्या फॅन्सचं ऑनलाइन पिटिशन होतं, त्याचा साधा उल्लेखही नाही, सगळी उदाहरणं जपान-अमेरिकेची.

बाकी एसी जरा जास्तच थंड, स्पीकर एक नंबर. दुपारचं जेवण फीमध्ये नाही, खाली भाजीपाव मिळतो तो खा. गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यात अर्धा 'अकिरा' जाईल.

साडेतीन स्टार, तेपण शनिवारच्या जोरावर. पुढच्या बॅचला एकाच दिवसाची फी भरता येते का ते आधी विचारा. आणि वाचनाची पीडीएफ आपणहून पाठवत नाहीत, मागे लागून घ्या, त्यात २००६ ला सुरू झालेल्या 'मेकेडेमिया' या ॲनिमेवरच्या अभ्यासाच्या जर्नलमधल्या लेखांची यादी आहे, ती मात्र खरंच कामाची.