आरएसएस २.० की ॲटम: फीड सुरू करण्यापूर्वी

संकेतस्थळावरचे नवे लेखन फीडद्वारे, म्हणजे वाचकाला आपोआप कळत राहील अशा यादीच्या रूपात, द्यायचे ठरले की तिच्या दोन प्रचलित स्वरूपांपैकी आरएसएस २.० घ्यावे की ॲटम, हा प्रश्न येतो. दोन्हींचा गाभा एकच आहे: प्रकाशक एका ठरलेल्या पत्त्यावर एक्सएमएल फाइल (यंत्राला वाचता येईल अशा खुणांनी बांधलेला मजकूर) ठेवतो, वाचकाचा फीड रीडर, म्हणजे फीड वाचण्याचे ॲप, ती अधूनमधून तपासतो आणि नवी नोंद आढळली की दाखवतो. यासाठी वाचकाला आपला ईमेल पत्ता कोणाला द्यावा लागत नाही आणि त्याने आधी काय वाचावे हे तिसरा कोणी ठरवत नाही. फीड मला मोलाची वाटते ती यामुळेच.

फरक आहे तो काटेकोरपणाचा. २००२ साली आलेल्या आरएसएस २.० मध्ये नोंदीला शीर्षक किंवा वर्णन यांपैकी एक असले तरी भागते. तारीख आणि नोंदीची ओळख (प्रत्येक नोंदीला दिलेली स्वतंत्र खूण) ऐच्छिक आहे. डिसेंबर २००५ मध्ये आरएफसी ४२८७ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झालेल्या ॲटममध्ये ओळख, शीर्षक आणि शेवटच्या बदलाची वेळ सक्तीची आहे. मजकूर साधा आहे की एचटीएमएल (वेबपानाच्या खुणांसह लिहिलेला), हेही ॲटममध्ये नेमके सांगता येते. आरएसएसमध्ये ते पुष्कळदा रीडरला ताडावे लागते.

ओळखीचे महत्त्व एका प्रसंगातून कळेल. शीर्षकातली शुद्धलेखनाची चूक सुधारली, त्याबरोबर लेखाचा पत्ता बदलला आणि ओळख म्हणून तोच पत्ता दिलेला असला, तर काल वाचून झालेला लेख आज फीड घेणाऱ्या प्रत्येकापुढे पुन्हा ‘न वाचलेला’ म्हणून येतो. ॲटम घेतल्यानेही हे आपोआप टळत नाही, पण ओळख कधीही बदलू नये असे त्याचे मानक स्पष्ट बजावते.

म्हणून केवळ लेख देणाऱ्याने ॲटम घ्यावे, असे माझे मत आहे. पॉडकास्टसाठी मात्र आरएसएस २.० च घ्यावे, कारण ध्वनिफाइल जोडण्याची तिथली पद्धत पॉडकास्टच्या निर्देशिकांनी आणि ॲप्सनी पायाभूत मानली आहे.

पूर्ण मजकूर द्यावा की सारांश, हा निर्णय अधिक अवघड आहे. सारांशामुळे वाचक संकेतस्थळावर येतो आणि परस्पर नक्कल करणाऱ्यांना आयता लेख मिळत नाही. पण रीडरमध्ये निवांत वाचायला बसलेल्या माणसाला दोन ओळींवर थांबवणे मला पटत नाही. पूर्ण मजकूरच द्यावा, आणि लेख अन्यत्र पुनःप्रकाशित होणार असेल तर तिथल्या पानावर कॅनॉनिकल लिंक, म्हणजे मूळ लेख कुठला हे शोधयंत्रांना सांगणारी पानाच्या कोडमधली खूण, मागून घ्यावी.