कोका-कोला ६०० ला जाताय? मग भाड्याचा स्कॅनर घ्याच

अमेरिकेतल्या शार्लटच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत एक वाक्य मी फार वेळा ऐकलंय: "गाड्या नुसत्या गोल गोल फिरतात, त्यात चार तास काय बघायचं?" कुणीतरी ऑफिसातून तिकिटं मिळवतं, सगळे हौसेने जवळच्या कॉन्कॉर्डच्या स्पीडवेवर कोका-कोला ६०० ही सहाशे मैलांची मोटारशर्यत बघायला जातात, कानात बोळे घालून तासभर बसतात आणि अर्ध्यातून उठून येतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. या शर्यतीतलं निम्मं नाट्य रेडिओवर घडतं आणि ते त्यांच्या कानापर्यंत पोचलेलंच नसतं.

म्हणून हा रिव्ह्यू शर्यतीच्या तिकिटाचा नाही, ग्रँडस्टँडमागच्या ठेल्यांवर भाड्याने मिळणाऱ्या स्कॅनरचा, म्हणजे संघांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणाऱ्या यंत्राचा आहे. २०२५ च्या कोका-कोला ६०० ला मी तो घेतला होता. सोबत कोल्हापूरहून आलेले बाबा होते आणि माझा मुलगा, जो घरी सिम्युलेटरवर रोज रात्री आयरेसिंग खेळतो. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे सांगते.

वस्तू साधी आहे. कमरेला अडकवायचा वॉकीटॉकीएवढा डबा आणि दोन्ही कान पूर्ण झाकणारा जाडजूड हेडसेट. एका डब्याला दोन हेडसेट जोडता येतात, तेवढं आठवणीने मागून घ्या. सगळ्या संघांच्या फ्रिक्वेन्सी आधीच भरून ठेवलेल्या असतात. गाडीचा नंबर दाबला की त्या संघाचं बोलणं थेट कानात. नॅसकारमध्ये (ही या शर्यती भरवणारी संस्था) संघांना आपले रेडिओ प्रेक्षकांसाठी खुले ठेवावे लागतात, त्यामुळे यात चोरून ऐकण्यासारखं काही नाही. फोनवरच्या ॲपमध्येही हा आवाज येतो, पण काही सेकंद उशिरा. शिवाय एवढ्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क रांगतं. समोर गाडी पिटमध्ये (टायर-पेट्रोलसाठी थांबायच्या जागेत) शिरून बाहेरही पडलेली असते आणि ॲपवर अजून 'आत यायचं का' हीच चर्चा चाललेली असते. स्कॅनरवर सगळं त्या क्षणी ऐकू येतं.

आणि कान वाचतात. चाळीस गाड्या एकदम सुटतात तेव्हा आवाज शंभर डेसिबलच्या कितीतरी वर जातो. लहान मुलांना उघड्या कानांनी तिथे बसवू नका, हे मी हात जोडून सांगते.

एका संघाच्या चॅनलवर मुख्यतः तीन माणसं असतात. ड्रायव्हर, पिटच्या भिंतीशी उंच बसून गाडीचे निर्णय घेणारा क्रू चीफ, आणि ग्रँडस्टँडच्या छतावर उभा असलेला स्पॉटर. ड्रायव्हरच्या सीटला डोक्याच्या दोन्ही बाजूंनी भक्कम आधार असतो, मान पट्ट्यांनी बांधलेली असते, त्यामुळे शेजारी कोण आलंय ते त्याला नीट दिसत नाही. ते स्पॉटर बघतो आणि सांगतो. आतल्या बाजूला गाडी आहे, अजून आहे, अजून आहे, आता मोकळं. ताशी २८०-२९० किलोमीटरच्या वेगात ड्रायव्हर एका माणसाच्या आवाजावर भरवसा ठेवून गाडी वर-खाली घेतो. बाबांना इंग्रजी जेमतेम कळतं, पण दहा-पंधरा लॅप्समध्ये (फेऱ्यांमध्ये) त्यांना स्पॉटरच्या सुरावरून गर्दी किती आहे ते ओळखता यायला लागलं. आवाज चढला की ते आपोआप पुढे सरकून बसायचे.

माझा आग्रहाचा सल्ला: एक गाडी निवडा आणि शेवटपर्यंत तिच्याच चॅनलवर राहा. सारखे नंबर बदलणाऱ्याच्या हाती सुटी वाक्यंच लागतात. आम्ही २४ नंबर घेतला, विल्यम बायरनचा.

त्याला कारण होतं. बायरन शार्लटचाच मुलगा, १९९७ चा जन्म. घरात रेसिंगची परंपरा नाही. तो गाडी चालवायला शिकला ते संगणकावर, आयरेसिंगवर. माझ्या मुलासाठी एवढं पुरेसं होतं. पण माझं लक्ष दुसऱ्या बातमीकडे होतं. त्याच शर्यतीच्या आठवड्यात बायरनने आपल्या संघाशी, हेंड्रिक मोटरस्पोर्ट्सशी, करार २०२९ पर्यंत वाढवला होता. कप या नॅसकारच्या सगळ्यात वरच्या मालिकेत तो २०१८ पासून आहे आणि पहिल्या दिवसापासून हेंड्रिककडेच. लागोपाठ दोन वर्षं, २०२४ आणि २०२५ मध्ये, डेटोना ५०० ही मालिकेतली सगळ्यात मानाची शर्यत जिंकलेल्या ड्रायव्हरला दुसरीकडून बोलावणं आलं असतं तर नवल नव्हतं.

बाबांनी आयुष्यभर बैलगाड्यांच्या शर्यती पाहिल्यात. तिथे जोडी कुणाची हे आधी विचारतात, हाकणारा कोण ते नंतर. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न होता, "गाडी कुणाची?" मी संघाचा मालक रिक हेंड्रिकबद्दल सांगितलं. संघ १९८४ पासूनचा, कारखाना या ट्रॅकपासून जवळच. याच २४ नंबरवर जेफ गॉर्डनने १९९४ मध्ये याच ६०० मैलांच्या शर्यतीत कपमधला पहिला विजय मिळवला आणि पुढे ९३ विजयांपर्यंत मालक बदलला नाही. जिमी जॉन्सनने सातही विजेतेपदं ह्याच मालकाकडे मिळवली. बाबा थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "आगं, मग पोरं ह्याला सोडून जात न्हाईत, म्हंजी मालक सांभाळत असणार की."

मला वाटतं बाबांनी मुद्द्यालाच हात घातला. आपण निष्ठा म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ड्रायव्हरकडेच बघतो. चॅनलवर चार तास बसलं की ती दोन्हीकडून असते हे ऐकू येतं. बायरनचा क्रू चीफ रूडी फ्यूगल. २०१६ मध्ये ट्रक या नॅसकारच्या खालच्या मालिकेत हे दोघं एकत्र होते, सात शर्यती जिंकले, मग वाटा वेगळ्या झाल्या आणि २०२१ मध्ये हेंड्रिककडे पुन्हा जोडी जमली. इतक्या वर्षांच्या सोबतीचा उपयोग नेमका काय, ते ६०० मैलांतच समजतं. शर्यत संध्याकाळी उन्हात सुरू होते आणि रात्री दिव्यांखाली संपते. ऊन असताना डांबर तापलेलं, टायरची पकड कमी. सूर्य उतरला की ट्रॅक गार होतो, पकड वाढते आणि सहा वाजता नीट चालणारी गाडी नऊ वाजता वेगळीच वागते. मागचा भाग बाहेर सरकायला लागला तर ती 'लूज', पुढची चाकं वळेनाशी झाली तर 'टाइट'. ड्रायव्हर वळणात नेमकं कुठे काय होतंय ते चार शब्दांत सांगतो आणि क्रू चीफला त्यावरून ठरवायचं असतं की पुढच्या पिटमध्ये टायरमधली हवा किती बदलायची, मागच्या स्प्रिंगला किती पीळ द्यायचा. त्या चार शब्दांचं वजन ओळखायला माणूस जुना लागतो. नव्या जोड्यांच्या चॅनलवर हेच संभाषण लांबत जातं, प्रश्नांवर प्रश्न येतात. हे मी माझ्या कानांनी इतर शर्यतींतही ऐकलंय.

आणि हे सगळं ५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या गाडीत बसून. शर्यत संपेपर्यंत ड्रायव्हरच्या अंगातून दोन-तीन किलो घाम निघून जातो. आवाजातला थकवा स्कॅनरवर लपत नाही. सुरुवातीला पूर्ण वाक्यं असतात, तिसऱ्या तासाला फक्त शब्द उरतात.

निम्म्या शर्यतीनंतर सगळ्या गाड्या पिट रोडवर थांबतात, इंजिनं बंद होतात आणि युद्धात गेलेल्या सैनिकांसाठी थोडा वेळ शांतता पाळली जाते. दुसऱ्या दिवशी मेमोरियल डे असतो, आणि गाड्यांच्या पुढच्या काचेवर ड्रायव्हरच्या नावाच्या जागी हुतात्म्याचं नाव असतं. तेव्हा हेडसेट काढा. बाबा उभेच होते.

आता त्या रात्रीची शर्यत. १०० लॅप्सचा एक असे चार टप्पे. पहिले तिन्ही बायरनने जिंकले, पण शर्यत शेवटच्या टप्प्याअखेर पुढे असेल त्याची. ४०० पैकी २८३ लॅप्स तो पुढे होता. डेनी हॅमलिन सतत त्याच्या जवळपास होता. हॅमलिन हाही असाच एकनिष्ठ, २००५ पासून कप मालिकेत जो गिब्सचा संघ सोडलेला नाही. पण शेवटच्या पिटमध्ये त्याच्या गाडीत पेट्रोल पुरेसं भरलं गेलं नाही आणि त्याला पुन्हा आत यावं लागलं. पाच माणसं भिंतीवरून उडी मारतात, दहाएक सेकंदांत चार चाकं बदलून पेट्रोल भरतात. त्यात एक नळी नीट बसली नाही की चार तासांची मेहनत गेली.

आम्ही तिघं निर्धास्त झालो होतो. मग मागून १ नंबरची गाडी यायला लागली, ट्रॅकहाउस संघाच्या रॉस चॅस्टेनची. शेवटच्या लॅप्समध्ये स्पॉटर मागच्या गाडीचं अंतर सांगत राहतो. ते आकडे कमी होताना ऐकणं आणि तीच गाडी समोर वळणातून जवळ येताना बघणं, ही या स्कॅनरने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट. सहा लॅप्स उरले असताना चॅस्टेन पुढे गेला आणि जिंकला. मुलगा रडवेला झाला. मलाही आवंढा आला, खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर चॅस्टेनची गोष्ट कळली आणि राग मावळला. शनिवारी सरावात टायर फुटून त्याची गाडी भिंतीवर आदळली होती. ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती. कॉन्कॉर्डच्याच कारखान्यात संघाने राखीव गाडी उभी करायला घेतली, मध्यरात्र उलटली तरी माणसं काम करत होती. ती गाडी रविवारी सगळ्यात शेवटून, चाळिसाव्या जागेवरून सुटली. शेवटून सुटून ही शर्यत जिंकणारा तो पहिला ठरला. त्या माणसांपैकी कुणालाही घरी जाऊन झोपता आलं असतं, रविवारच्या ४०० लॅप्सच्या आधी झोपेची गरजही होती. तरी ती थांबली. चॅस्टेन फ्लोरिडातल्या कलिंगड पिकवणाऱ्या शेतकरी घराण्यातला. जिंकला की ट्रॅकवर कलिंगड आपटून फोडतो, तसं त्याही रात्री फोडलं. बाबांना ही एकच गोष्ट पटली नाही. "खायाचं फळ आपटत्यात व्हय?" ते रस्ताभर म्हणत होते.

आता कापलेला अर्धा तारा. हेडसेट जड आहे आणि चष्मा लावणाऱ्यांना दोन तासांनी कानामागे दुखायला लागतं. बाबांसाठी मी रुमालाची घडी मध्ये घातली. डब्याची क्लिप ढिली होती, उभं राहिलं की निसटायची. भाडं स्वस्त नाही, वर कार्डावर अनामत अडकते. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे परत करायची रांग. शर्यत संपल्यावर सगळे एकदम त्याच खिडकीवर, आतमध्ये दोनच माणसं. पेंगणारा मुलगा आणि पाय भरून आलेले वडील सोबत असताना ती वाट बघणं नकोसं होतं. ठेला कुठला ते लिहीत नाही, गर्दीच्या रात्री बहुतेक ठिकाणी हेच चित्र असेल. तुमच्यापैकी एकाने विजेत्याचा जल्लोष सोडून आधी खाली उतरावं.

आणखी थोडं कामाचं. जागा शक्यतो वरच्या रांगांत घ्या, दीड मैलाचा ट्रॅक तिथूनच पूर्ण दिसतो आणि स्पॉटरचं बोलणं समोरच्या चित्राशी जुळवता येतं. दोन हेडसेट आणि तीन माणसं असा हिशेब करू नका, आमच्याकडे टप्प्याटप्प्याने अदलाबदल करावी लागली आणि शेवटच्या टप्प्याला कुणीच काढायला तयार नव्हतं. ऊन असेपर्यंत टोपी, नंतर पातळ जॅकेट. छोटी मऊ कूलरबॅग आत नेता येते, तरी त्या वर्षीचा नियम बघून घ्या. आमच्या बॅगेत थालीपीठं आणि ताक होतं. संघांच्या चॅनलवर काही कळेनासं झालं तर रेडिओ समालोचनाचा चॅनलही त्याच डब्यावर असतो, पहिले वीस-पंचवीस लॅप्स तो ऐका, कोण कुठे आहे ते बसतं आणि मग आपल्या गाडीवर या. मुलांसाठी लहान मापाचा हेडसेट आहे का ते घेतानाच विचारा, मोठा सैल बसला तर आवाज आत शिरतो. आणि ठेल्यावरून हलण्याआधी बॅटरी पूर्ण भरलेली आहे ना, ते त्यांच्यासमोरच तपासा. शर्यत चार तासांहून जास्त चालते आणि यातलं सगळ्यात ऐकण्यासारखं शेवटच्या अर्ध्या तासात असतं.